डच भाला आणि शाळेतलं लेझीम

इथे परदेशात, वेरिबी गावातला माझा रूममेट उल्हास आठवडाभर सॉफ्टवेअर तपासतो आणि रविवारी चारशे वर्षांपूर्वीचा डच भालाईत होतो. त्याच्या क्लबात जुन्या कवायतीच्या पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम भाले उचलतात. यंदा क्लबाच्या शोमध्ये तो पहिल्यांदाच पुढच्या रांगेत होता, पण शोच्या दिवशी एक माणूस कमी पडला. रांगच रद्द होणार, म्हणून त्याने मला उभं केलं.

“चित्रातल्यासारखं कर. डोकं लावू नकोस.”

ते मला सहज जमतं. पण ढोल वाजला आणि तालुक्याच्या शाळेतलं लेझीम अंगात आलं. भाला खाली, कंबर वाकडी, वर एक उडी!

शेजारचा गोरा पुटपुटला, “हे कुठल्या पानावर आहे, मेट?”

उल्हासने दातओठ खाल्ले आणि रांग मोडू नये म्हणून तोही वाकला. मग सगळेच वाकले. टाळ्या पडल्या.

“पुढच्या शोला तू प्रेक्षकांत बस,” उल्हास म्हणाला, “तेही मागे.”