नानासाहेबांची झोप

आमच्या घरात प्रार्थना मोठ्यानं करतात, आणि ती मध्येच थांबवता येत नाही. पुढचा सगळा अनर्थ या एका पद्धतीतून झाला.

आबा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कामावर मुकादम होते. महाड-पोलादपूर रस्त्यावर खडी पसरणाऱ्या माणसांना ते एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकापर्यंत हाक मारत. देवाशी बोलतानाही त्यांनी तोच आवाज कायम ठेवला होता. (आळीतल्या लोकांना आमच्या अडचणी कधी विचाराव्या लागल्या नाहीत. त्या रोज संध्याकाळी घरबसल्या ऐकू येत.) उन्हातान्हात उभं राहून आबांनी मला बी.ए. केलं. आमच्या सगळ्या गणगोतात मीच पहिला पदवीधर. महाडच्या शाळेत मास्तर झालो. एवढ्यावर देवाचे आभार मानून गप्प बसावं की नाही? मी कादंबरी लिहिली.

कादंबरी एका रस्ताकामगाराची होती. प्रभूवर त्याचा विश्वास कसा बसतो, कसा डळमळतो आणि पुन्हा कसा बसतो, हे मी अगदी मनापासून लिहिलं होतं. पुण्याला पाठवली, परत आली. दुसरीकडे पाठवली, तिथूनही परत आली. एका प्रकाशकांनी कळवलं, "धर्माचं फार झालं आहे." म्हणून ती एका ख्रिस्ती छापखान्याकडे पाठवली, तर त्यांनी कळवलं, "धर्माचं कमी पडतं आहे." मग मी मधलं काहीतरी साधलं, तेव्हा दोघांनीही परत केली. पोस्टमन लांबूनच सांगायचा, "मास्तर, आलं हो तुमचं माघारी."

मला एवढं लागलं नसतं, पण आबांचा प्रश्न होता. त्यांचा एक डोळा शस्त्रक्रियेत गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. त्याला हात लावायला डॉक्टर तयार नव्हते. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना आबा पान नाकाला टेकवत.

"शमू," ते म्हणत, "तुझं पुस्तक माझ्यानं वाचून व्हायचं नाही. वरचं नाव तेवढं दिसू दे. आडनावासकट."

ते दिसायचं तर घाई करायला हवी होती, आणि घाई हा प्रकार प्रकाशकांना ठाऊक नव्हता.

कादंबरी सर्वांत जास्त वेळा परत केली ती पुण्याचे एक प्रकाशक नानासाहेब यांनी. एके दिवशी त्यांचं कार्ड आलं. प्रकृतीसाठी दासगावजवळ सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर येतो आहे, तिथून महाड-पोलादपूरवरून महाबळेश्वरला जाईन, आपलं हस्तलिखित बरोबर आणतो, वाटेत हातीच देईन म्हणजे टपाल वाचेल, असा मजकूर होता. नकार द्यायला माणूस स्वतः घरी येतो, असा मान महाडात आजवर कुणाला मिळाला नसावा.

मी त्यांना जेवायलाच बोलावलं. पोटभर जेवलेला माणूस नाही म्हणताना जरा कचरतो, असा माझा हिशेब. आईनं वालाचं बिरडं करायला घेतलं. शेजारच्या सखूकाकी नारळ खवायला येऊन बसल्या. त्या आम्ही ख्रिस्ती होण्याआधीपासूनच्या नात्यातल्या, शेतकरी घरातल्या, आणि माझ्या कादंबरीची काळजी त्यांना माझ्याइतकीच.

"रूथबाय, आज ह्यो हो बोलला पायजे गो. मी आमच्या देवीला नारळ बोललेय."

"बोलेल," आई म्हणाली. "मी पण प्रभूला सांगितलंय."

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"ते आमचं आहे."

मी आबांकडे वळलो. "आबा, आज जेवणाआधीची प्रार्थना थोडक्यात करा."

"थोडक्यात म्हणजे?"

"अन्नाबद्दल आभार आणि आमेन."

"पाहुणा समोर बसलेला आणि त्याच्याबद्दल देवाशी एक शब्द नाही? वाईट वाटेल."

"देवाला?"

"पाहुण्याला."

नानासाहेब आले. उंच, किडकिडीत गृहस्थ, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. टोपी काढून खुर्चीत बसले, ते टाकल्यासारखे. मी आदरानं विचारलं, "प्रकृती काय म्हणते?"

"म्हणायला ती राहिलीय कुठे? झोप नाही, मास्तर. डोळा म्हणून लागत नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, आता तुमचे झरे झाले. अंगाला गंधकाचा वास तेवढा लागला."

आईनं आबांकडे पाहिलं. आबांनी आईच्या दिशेनं पाहिलं. मला वाटलं, आत भाकरी करपली.

नानासाहेबांनी पिशवीतून हस्तलिखित काढून माझ्या हातात दिलं. "राग मानू नका. तुमची श्रद्धा खरी आहे, पण पुस्तकात ती सुटी सुटी पडते."

मी म्हटलं, "आपण आधी जेवून घेऊ."

पानं वाढली. सखूकाकी दाराशी पदर सावरून उभ्या राहिल्या. आबांनी डोळे मिटले, आम्ही मिटले, आणि आमच्या घरची रीत बघून नानासाहेबांनीही सभ्यपणे मिटले.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," आबांनी खडीच्या ढिगापलीकडे हाक मारावी तशी सुरुवात केली, "आज तुझ्यासमोर नानासाहेब बसले आहेत. तू त्यांना चांगला ओळखतोस. त्यांचं नाव आम्ही रोज तुझ्या कानावर घालतो."

मला कसंसंच झालं.

"प्रभू, त्यांनी आमच्या शमूचं पुस्तक परत केलं. पुन्हा पुन्हा परत केलं. शमू म्हणाला, या माणसाला वाङ्मयातलं ओ का ठो कळत नाही. ते रागात म्हणाला. त्याची क्षमा कर."

मी जोरात खोकलो.

"आणि देवा, शमूला खोकला झाला आहे. त्यालाही हात लाव."

मी आबांचा गुडघा दाबला. आबांनी माझा हात हातात घेतला आणि आणखी मोठ्यानं पुढे चालू केलं, "आमच्या हिनं तुझ्याकडे मागणं केलं होतं, की हे पुस्तक वाचून होईपर्यंत या माणसाला झोप देऊ नकोस. तू आम्हा गरिबांचं ऐकलंस. आज त्यांच्या तोंडून आम्हाला समजलं. प्रभू, तुझे आभार कसे मानावेत?"

मी एक डोळा उघडला. नानासाहेबांचे दोन्ही उघडे होते.

आमेन झालं. बिरड्याची वाफ वर जात होती आणि कुणी पानाला हात लावत नव्हतं. मला तर जमिनीनं गिळावं असं वाटत होतं, पण आमची जमीन शेणानं पक्की सारवलेली.

"बाई," नानासाहेब आईला म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "हे मागणं तुम्ही कधी केलंत?"

"तुमच्याकडून दुसऱ्यांदा माघारी आलं ना, तेव्हा. पावसाळा सरत आला होता."

नानासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "माझी झोप गणपतीनंतर गेली."

"बरोबर आहे," आई शांतपणे म्हणाली.

"आई!" मी ओरडलो. "असं कुणी मागतं?"

"का? शास्त्रात तो राजा नाही का? त्याला रात्री झोप येईना, मग त्यानं दरबारातलं पुस्तक वाचून घेतलं, आणि त्यात एका भल्या माणसाचं काम सापडलं. म्हटलं, राजाला चालतं तर प्रकाशकाला का नाही?"

मी पदवीधर माणूस. मी पाण्याचा तांब्या नानासाहेबांपुढे सरकवला.

"मी असल्या गोष्टी मानत नाही," नानासाहेब म्हणाले. मग म्हणाले, "पण तेवढं मागे घ्या."

"मागे कसं घेऊ? देवाला काय वाटेल? दिलेलं परत करायला तो काय प्रकाशक आहे?" आई म्हणाली. "त्यापेक्षा तुम्ही पुस्तक वाचून टाका ना. मागणं आपोआप संपेल."

"मी वाचलेलंच आहे," असं म्हणायला नानासाहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांनी वर पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. "खरं सांगायचं तर आमच्याकडे वाचायला एक माणूस ठेवलाय. मी स्वतः नाही वाचलं."

हा माझ्यासाठी त्या दिवसाचा सर्वांत मोठा धक्का होता. इतकी वर्षं मी ज्यांच्या मतावर रडलो, त्यांना मतच नव्हतं.

जेवण उरकलं. पोलादपूरची गाडी दुपारची होती. "गाडी गेली तर जाऊ दे," म्हणत नानासाहेबांनी हस्तलिखित माझ्याकडून मागून घेतलं, पडवीतल्या बाजेवर आडवे झाले आणि चष्मा लावून वाचू लागले. आम्ही चौघं दाराआड उभे. मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या वाक्याचा परिणाम शोधत होतो. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर त्यांची बोटं सैल पडली, कागद छातीवर उतरले आणि नानासाहेब घोरू लागले.

"बघ," आई कुजबुजली, "किती लवकर ऐकलं त्यानं."

"आई, त्यांनी वाचलेलं नाही अजून!"

"तुला त्यांची झोप दिसत नाही का?"

मला तीच दिसत होती.

तासाभरानं घोरणं थांबलं. माणूस हलेना. स्टँडवरून गाडीचा भोंगा झाला, कोपऱ्यावर कुत्री भांडली, सखूकाकींच्या हातून हंडा घसरून अंगणभर गडगडला. नानासाहेबांची पापणी हलली नाही. आळीतली माणसं एकेक करून येऊन पाहून जाऊ लागली. सखूकाकींनी कापसाचा धागा त्यांच्या नाकाशी धरला.

"हाय," त्या म्हणाल्या. "पर कमी हाय."

"जास्त तर मागितलं गेलं नाही ना?" आबांनी घाबरून आईला विचारलं.

"मी झोप नको म्हटलं होतं. झोप दे असं तर मी म्हटलंच नाही."

"मास्तर," सखूकाकी म्हणाल्या, "तू ल्हिलायस तरी काय रे असं?"

मी मनात हिशेब करत होतो. पुण्याचा प्रकाशक माझी कादंबरी वाचता वाचता महाडात गेला, तर माझं नाव नक्की छापून येणार, आडनावासकट, पण वर्तमानपत्रात. आबा बाजेशेजारी गुडघे टेकून बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली. ओठ हलत होते, आवाज नाही. ते बघून मात्र मी खरा हादरलो.

दिवे लागायच्या वेळेला नानासाहेब उठून बसले. डोळे चोळले, बाहेरचा अंधार पाहिला आणि लहान मुलासारखे हसले.

"मी झोपलो होतो?"

"हो," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

ते उठले. आईसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. मग मला म्हणाले, "मास्तर, पुस्तक मी छापतो."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. तरी लेखक तो लेखक. मी विचारलं, "आपल्याला त्यातला कुठला भाग विशेष वाटला?"

"दुसरं पान," ते म्हणाले. "तिथपर्यंतच पोहोचलो. पण काय पान आहे!"

ते शब्दाला जागले. मधे एक पावसाळा गेला आणि पुस्तक आलं. आबांनी ते नाकाला टेकवलं, बराच वेळ तसंच धरलं आणि माझं नाव एकेक अक्षर जुळवत वाचलं. आडनावापाशी थांबून त्यावर अंगठा फिरवला. त्या संध्याकाळी त्यांनी जी प्रार्थना केली, ती आळीनं जेवणं थांबवून ऐकली. मीही ती थोडक्यात करा म्हटलं नाही.

नानासाहेबांचं कार्ड पुढे दर नाताळात यायचं. प्रकृती उत्तम आहे, रोज रात्री आपलं पुस्तक उशाशी असतं, असं लिहायचे, आणि मी ते शाळेत सगळ्यांना दाखवायचो. मग एका नाताळात त्यांनी लिहिलं, "दोन पानांची आता सवय झाली, पूर्वीसारखा गुण येत नाही. दुसरी कादंबरी लवकर पाठवा, न वाचता छापतो." मी कृतज्ञ माणूस आहे. त्याच आठवड्यात लिहायला बसलो, आणि या खेपेला पहिल्याच प्रकरणात सावित्री नदीचं उगमापासून सविस्तर वर्णन घातलं.