कुरुंदवाडला न पोहोचलेला माणूस

निवृत्तीला काही वर्षं झाली, पण शिवाजी पेठेतलं ते बेपत्ता प्रकरण मनातून गेलेलं नाही.

एक तरुण सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात आला. त्याचे वडील, वय बासष्ट, निवृत्त बसचालक, चार दिवसांपूर्वी कुरुंदवाडला बहिणीकडे जातो म्हणून निघाले होते. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "इकडं आलाच न्हाय की!" मोबाईल बंद. आई तीन वर्षं कमरेखाली अधू. तिचं सगळं वडीलच करत. कंटाळून त्यांनी नदी जवळ केली असेल, ही भीती मुलाला बोलून दाखवता येत नव्हती. मी बेपत्ता नोंद केली, नदीकाठच्या ठाण्यांना वर्णन कळवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या वस्तादानं आमच्या हवालदाराला सांगितलं, "ते व्हय? दोन म्हैनं झालं, पाठीवर पोतं बांधून जोतिबाचा डोंगर चढत्यात. म्हटलं, नवस आसंल. नवसाचं कोण इचारतंय?"

मरायला निघालेला माणूस दम वाढवत नाही. मी घरी गेलो.

बेपत्ता माणसाच्या घरात पहिला प्रश्न येतो, काही कळलं का? इथं त्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या पत्नीनं खाटेवरूनच विचारलं, "च्या घेणार न्हवं?" कोपऱ्यात रिकामं पोतं होतं. त्याला खांद्यासाठी पट्टे, बारीक हातशिलाईचे. सूनबाई चहा ठेवायला गेली, मुलाला मी बाहेर बसवलं.

"वहिनी, हे पट्टे कुणी शिवले?"

"मी. हात चांगलं हायत की माझं."

नवरा हिमालयात गेला होता. पाठीवर सामान घेऊन चार दिवसांची चढण, वर बर्फाच्या पाण्याचा तलाव. तरुणपणापासूनची इच्छा.

"तीन वर्सं माझ्या खाटंजवळनं हाललं न्हाईत. मीच धाडलं. पोरानं अडवलं असतं, म्हणून कुरुंदवाडचं नाव. नणंदंला सांगायचंच राहिलं बघा."

"पोरगं दोन दिवस जेवलेलं नाही, वहिनी."

त्या रडल्या. "आता सांगितलं तर त्यास्नी माघारी बोलवंल."

"तिथं फोनच लागत नाही. सांगा त्याला."

मुलगा आत आला. ऐकून खाटेच्या कडेला बसला. "आये, नदी बघत फिरलो की गं मी!" एवढंच बोलून त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

पायथ्याच्या पोलीस चौकीला फोन केला. नोंदवहीत नाव होतं, पण वर बर्फ पडत होता आणि त्यांच्यासोबत चढलेली तुकडी अजून उतरली नव्हती. पुढचे दोन दिवस त्या घरात तिघंही दाराकडे बघत होते; सूनबाईही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं असतानाच त्यांचा फोन आला.

"पोचलतो गं. पाणी निळंशार. आपल्या रंकाळ्याएवढं न्हाय, पण."

"कानटोपी घातलीती न्हवं?" बाईंनी विचारलं.

नोकरीत मी माणसं शोधून घरी आणायला शिकलो होतो. घरातल्या माणसाला जाऊ द्यायलाही तितकीच माया लागते, हे त्या खाटेपाशी कळलं. मात्र ती माया घरच्यांपासून लपवली की दुसरं कुणीतरी नदीकाठ तुडवतं.

ते परतल्यावर जबाब घ्यायला गेलो. ते पत्नीचे केस विंचरत होते.

"थांबा सायेब, येणी होऊ दे," म्हणाले.

मी थांबलो.