प्राणी-गुंडुराव

आमच्या ह्यांना म्हैसुरातली आमची अख्खी अग्रहार पेठ ‘प्राणी-गुंडुराव’ म्हणते. कुणी कौतुकानं म्हणतं, कुणी टिंगलीनं. सासऱ्यांनी जन्मभर लुगडी रंगवली. ह्यांनी लग्नांचे व्हिडिओ काढता काढता कॅमेरा जंगलाकडे वळवला आणि बावीस वर्षं इथल्या केबलवर दर रविवारी सकाळी दहाला जनावरांवर बोलत राहिले. बोलणं कन्नडात, अगदी हळू, शेजारी बसून सांगितल्यासारखं. म्हैसूरची माणसं त्या आवाजावर जीव टाकायची आणि माझं डोकं फिरायचं, कारण घरात हा माणूस चार शब्द धड बोलत नसे. स्वभाव असा की घरातली झुरळंसुद्धा मीच मारायची, हे तोंड फिरवून उभे.

एक सवय मात्र पक्की. कार्यक्रम संपताना ज्या गावात, ज्याच्या रानात चित्रण केलं, त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. खेड्यातली माणसं त्या एका वाक्यासाठी टीव्हीपुढे बसायची.

गेल्या जानेवारीत कृष्णराजनगरच्या बाजूला, राघवेंद्र नावाच्या शेतकऱ्याच्या उसात बिबट्याची मादी व्याली. दोन पिल्लं. हे नऊ दिवस पंपाच्या खोलीत दडून बसले आणि तिचं सगळं टिपून आणलं. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात वासरू फाडलं गेलं होतं. लोक तापले होते. मी म्हटलं, “अहो, ह्या वेळी नाव बेडा. नका घेऊ.”

“ज्याच्या घरचं नऊ दिवस जेवलो त्याचं नाव गाळू? आणि एकदा ओळख झाली ना भानू, की माणूस मारत नाही.”

“माणसं मला जास्त कळतात, तुम्ही सुम्ने बसा,” मी म्हटलं. गप्प बसतील तर शपथ. रविवारी गावाचं नाव घेतलं, राघवेंद्रचंही घेतलं.

मंगळवारी सकाळी राघवेंद्रचा फोन आला. दोनशे माणसं उसाभोवती जमली होती, हातात काठ्या, कोयते, लोखंडी सळया. आम्ही आमची जुनी व्हॅन काढली. चालवायला मी बसले. “आई आणि पिल्लं, तिघं वाचली पाहिजेत,” एवढंच हे वाटभर पुटपुटत होते.

पोचलो तेव्हा राघवेंद्र बांधावर पडला होता. आडवा आला म्हणून त्याच्याच गावकऱ्यांनी त्याचा हात कोपरातून मोडला होता. पलीकडे घोळका, आणि मधोमध ती. डोकं फुटलेलं, एक डोळा बाहेर आलेला, मागचे पाय तोडलेले. तरी छाती वरखाली होत होती. हे ओरडत आत घुसले, तिच्या अंगावर आडवे पडले. काठ्या थांबेपर्यंत दोन ह्यांच्याच पाठीवर बसल्या, बरगडी मोडल्याचा आवाज मी लांबून ऐकला. मग कुणीतरी ओळखलं. “अरे, हे टीव्हीतले सर.” सगळे मागे सरले, आणि तेवढ्यात तिची छाती थांबली. एक पिल्लू चिखलात मेलेलं, दुसरं पोत्यात कुईं कुईं करत होतं.

डेअरीत काम करणारा रविकिरण नावाचा तिशीचा गडी पुढे आला. हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. त्याच हातांनी तो ह्यांच्या पाया पडला.

“सर, तुमचा एक कार्यक्रम चुकवत नाही मी. हे सगळे ऊस पेटवा म्हणत होते. मीच म्हटलं, पेटवला तर पळून जाईल. सरांनी सांगितलंय, पिल्लू रडलं की आई येतेच, समोर मरण दिसलं तरी येते. मग पिल्लाच्या शेपटीला चटके दिले. आली बघा. तुमच्यामुळे सोपं झालं सर.”

तो खरंच खूश होता. शाबासकी हवी होती त्याला.

चित्रणानंतर राघवेंद्रकडेच राहिलेला कॅमेऱ्याचा ट्रायपॉड बाजूला पडला होता, तो ह्यांनी उचलला. पहिला घाव जबड्यावर बसला, दात उडाले. तो खाली पडला तरी हे थांबले नाहीत. मोडकी बरगडी घेऊन नुसते मारत होते. बावीस वर्षं ऐकणारे दोनशे लोक उभे राहून बघत होते.

वाचलेलं पिल्लू वनखात्याची माणसं घेऊन गेली. रविकिरण अजून पातळ पेजेवर आहे. ह्यांच्यावर खटला चालू आहे आणि रविवारी दहाला केबलवर आता स्वयंपाक दाखवतात. हे कन्नडात बोलत नाहीत, मराठीतही नाहीत. ताट वाढलं की जेवतात.

पोलिसांना मी जबाब दिला, की मी धावत गेले आणि नवऱ्याला आवरलं. आवरलं, ते खोटं नाही. पण लगेच नाही गेले. आधी चार घाव बसू दिले.