पाठीवरच्या पट्ट्या

ती केस आठवली की आजबी माझं डोकं तापतं. आधी सोतावर, मग बाकीच्यांवर.

मी शिपाई म्हणून लागलो, फौजदार हुऊन रिटायर झालो. शाळा थोडी, मिशा जास्त. एक दिवस अंथुर्ण्याकडच्या वस्तीवरनं ठाण्यात फोन आला, "सायेब, सुनंनं सासऱ्याला फवारायचं औषध पाजलं!"

फोन करणारा म्हाताऱ्याचा पुतण्या. मी इचारलं, "पाजताना बघितलं का?"

"बघायचं काय त्यात? म्हाताऱ्याला काय आठवत न्हाय. त्येचं समदं करून कट्टाळली हुती ती."

म्हातारा बारामतीला दवाखान्यात. तोंडातनं लाळ, उलट्या, नाडी मंद. डॉक्टर म्हणालं, "रक्तातलं एक एन्झाईम फार खाली आलंय. फवाऱ्याचं विष पोटात गेलं की असंच होतं." एन्झाईम म्हंजी काय ते मला कळलं न्हाय, पर मान अशी जोरात हलवली की टोपी पडली.

म्हाताऱ्याचे कपडे पंचनामा करून सील केले. वस्तीवरनं औषधाचा डबा जप्त केला. डब्याचं बूचबी फोडलेलं नव्हतं. पुतण्या म्हणतो, "दुसरा डबा आसंल की!"

मग महिला शिपाई संगं घिऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात सुनंला धरलं.

"खरं बोल. काय दिलंस आबाला?"

"डॉक्टरनं दिलं तेच वो. रोज सकाळी पाठीला पट्टी लावती."

"कंबर दुखती व्हय त्येंची?"

"न्हाय. इसरायच्या आजाराची पट्टी हाय ती."

कपडे उतरवताना म्हाताऱ्याच्या पाठभर पट्ट्या मी बघितल्या हुत्या. म्हणलं, गडी माझ्यावानीच कमरंतनं गेलाय. माझ्याबी कमरंला तवा एक चिकटलेली हुती. आमच्याकडं पट्टी कुणी काढत न्हाय, आपसूक गळंपर्यंत ऱ्हाऊ देत्यात.

"जुनी काढतीस का गं?"

"काढायची असती? कमरंची कुठं काढतो आपुन?"

महिला शिपाई माझ्या कमरंकडं बघून हसली. मी पळतच डॉक्टरकडं गेलो. पट्टीचं ऐकून त्येंचं तोंड उतरलं, त्येंनीबी त्या कमरंच्याच समजल्या हुत्या. त्या पट्टीचं कामच ते एन्झाईम दाबायचं. जुनी काढून एकच लावायची. हितं साऱ्या मिळून एकदम काम करत हुत्या. समद्या सोलल्या, पाठ धुतली. दुसऱ्या दिवशी म्हातारा चहा मागाय लागला. सुनंला म्हणाला, "कुणाची गं तू पोरी?"

"तुमचीच की, आबा," म्हणाली आन् पदरानं डोळं पुसलं.

पुतण्याला म्हणलं, "माफी माग तिची." त्यो म्हणाला, "काका वाचलं न्हवं? मग कशाची माफी?" आसा संताप आला! पट्टी लिहून देणाऱ्यानं लावायची कशी ते सांगितलं, काढायची हाय हे एका शब्दानं सांगितलं न्हाय. आन् वस्तीनं दुपारच्या आत त्या बाईला खुनी करून टाकली. तिनं तर एक दिवस चुकवला नव्हता, तेच तिच्यावर उलटलं.

ह्या केसनं मला येवढंच शिकवलं. रक्तानं खरंच सांगितलं हुतं, एन्झाईम खाली हाय म्हणून. सुनंचं नाव रक्तात कुठंच नव्हतं. ते आमी घातलं.