मामासाहेबांचा न सडणारा साबण

देवासच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे आम्ही जंतूंना जेवायला वाढतो आणि ते जेवले की नाही एवढंच बघतो. एखादं रसायन नदीनाल्यात गेलं तर लवकर कुजून संपेल की तसंच ठाण मांडून बसेल, हे त्यावरून कळतं. बाटलीत स्वच्छ पाणी घ्यायचं, शहराच्या सांडपाण्याच्या प्लांटमधला थोडा गाळ त्यात सोडायचा आणि खायला फक्त ते रसायन द्यायचं. जंतू जेवले की श्वास सोडतात, तो आम्ही पकडून मोजतो. श्वास आला नाही तर रसायन नापास. हे सगळं मी आजोळी कौतुकाने सांगितलं, तेव्हा मामीसाहेब म्हणाल्या की घरी आल्यावर आधी अंघोळ करत जा.

आजोळ धारला. मामासाहेब बँकेतून निवृत्त झाले आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात त्यांचे उद्योग सुरू झाले. आधी अळिंबी लावली, ती उगवली नाही. मग मधमाश्या आणल्या, त्या शेजाऱ्यांना चावून निघून गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी रिठ्याचा आणि आणखी कशाकशाचा पातळ साबण केला, आणि आश्चर्य म्हणजे तो चांगला निघाला. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या छापाच्या कापडाचा रंग त्याने जरासुद्धा उतरत नव्हता. तिथले एक कारागीर तो कायमचा घ्यायला तयार झाले, पण त्यांचं कापड परदेशी जायचं आणि तिकडच्या गिऱ्हाइकाची अट होती की धुण्याचा साबण नदीत टिकता कामा नये, तसा दाखला हवा. इकडे मामीसाहेबांनीही अट घातली. हेही फसलं तर गोठा कोचिंग क्लासवाल्याला भाड्याने जाईल आणि मामासाहेब सकाळी मंदिरात, संध्याकाळी बागेतल्या बाकावर इतर पेन्शनरांबरोबर बसतील. त्या बाकाची मामासाहेबांना खरोखर धास्ती होती.

तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि तुम्ही नक्की काय तपासता म्हणून विचारलं. विघटन वगैरे शब्द त्यांच्या डोक्यावरून जातील असं वाटून मी सोप्या मराठीत सांगितलं, की महिनाभर ठेवून साबण सडतो का ते बघतो. मग ते म्हणाले, "धारहून गेलेला माल सडत नसतो, बाई. तुम्ही दोन महिने ठेवून बघा." मला हसू आलं. मामासाहेब बोलतातच असं, म्हणून मी सोडून दिलं. उलट त्यांनीच माझी फिरकी घेतली. देवासात पूर्वी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुमचे जंतू कुठल्या पातीचे, धारच्या मालाला हात लावायची त्यांची ऐपत आहे का, असं विचारून ते स्वतःच खूप वेळ हसले.

कॅन आला. नमुना मामांचा आहे हे मी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे न देता माझ्या सहकाऱ्याकडे दिला. हा सहकारी पक्का माळवी, एरवी प्रत्येकाला भैयाच्या जागी भिया म्हणतो, फक्त मला दीदी. मी रोज त्याच्या टेबलावरून उगाचच चक्कर मारायची आणि तो मान हलवायचा. साबणाच्या बाटलीतून श्वास नाही. त्याहून वाईट म्हणजे एका बाटलीत साबणाबरोबर जंतूंच्या आवडीचा खाऊही घातलेला असतो, तोही त्यांनी तोंडाला लावला नव्हता. शेवटी तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "दीदी, आपके मामाजी ने तो सबको निपटा दिया."

रिठ्याचा साबण असा खून पाडत नाही. मी धारला फोन लावला आणि सरळ विचारलं, साबणात काय घातलंत? मामासाहेबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. इंदूरच्या बाजारातून त्यांनी शाम्पू नासू नये म्हणून घालतात ते औषध आणलं होतं. शाम्पूत ते थेंबभर पडतं, यांनी वाटीभर ओतलं. एरवी साबण ताजाच विकला जातो, त्यात असलं काही नसतं. हे फक्त परीक्षेसाठी. भाचीच्या ऑफिसात, मे महिन्याच्या उन्हात आपला माल सडला तर घराण्याची शोभा व्हायची! मी कपाळावर हात मारला आणि समजावलं की इथे सडणं म्हणजेच पास होणं. हे त्यांना पटायला बराच वेळ लागला. बँकेत इतकी वर्षं काढली पण असा कारभार कधी ऐकला नाही, असं ते पुटपुटले.

पहिला निकाल नापास म्हणूनच गेला, त्यात कुणी काही बदलणार नव्हतं. दुसऱ्या खेपेला मामासाहेब ताज्या साबणाचा कॅन मांडीवर घेऊन धार ते इंदूर आणि इंदूर ते देवास अशा दोन बस बदलून स्वतः आले. गेटपाशी त्यांनी कॅन माझ्या हातात दिला, पण सोडेनात. "हे नाही झालं तर मी त्या बाकावर बसून राहीन," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही आणि मला फार वाईट वाटलं.

या वेळी जंतू जेवले. आधी जरा बिचकले, मग पंगतीला बसल्यासारखे तुटून पडले. साहेबांची सही झाल्यावर रविवारी मी दाखला घेऊन धारला गेले आणि दारातच सांगितलं की मामासाहेब, तुमचा साबण पार सडला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दाखला तीनदा वाचला.

तेवढ्यात मामीसाहेबांचा फोन वाजला. कोचिंग क्लासवाला होता, गोठा बघायला कधी येऊ विचारत होता. मामासाहेब दाखला हातात धरून मामीसाहेबांकडे बघत राहिले. मामीसाहेबांनी पदर सावरला आणि त्याला सांगितलं, "नहीं भिया, जगह खाली नहीं है. वहाँ हमारे इनका कारखाना है."