कोऱ्या नमुन्यातले शिखर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, हे मलाही नीट ठाऊक नाही. पद्धतशीर सांगते, तेवढी एक सवय माझ्याकडे आहे.

पुष्कळ वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले आणि नंतर शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत अन्नपदार्थ तपासू लागले. दुधात एखादे द्रव्य अगदी अल्प असेल, तर जिभेला ते कळत नाही. यंत्र एक रेघ काढते. द्रव्य असेल तिथे ती रेघ उंचावते. त्याला आम्ही शिखर म्हणतो. एवढे ध्यानात ठेवा.

आमच्या कॉलनीत एका आठ वर्षांच्या मुलीला पाळी आली. डॉक्टरांनी निश्चित कारण सांगितले नाही, पण कॉलनीला ते हवेच होते. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट नावाची द्रव्ये घालतात. ती अन्नात उतरली, तर शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात — हे गच्चीवरच्या बैठकीत मीच समजावून सांगितले होते. मग संशय कोणावर जावा? पडेगावहून रोज दूध घालायला येणाऱ्या कडुबाईंवर. त्यांच्या मुलाने, बापूने, वाळूजच्या कारखान्यांतून विकला जाणारा रसायनाचा एक जुना निळा प्लास्टिकचा ड्रम गोठ्यात आणून ठेवला होता, एवढे कोणीतरी पाहिले होते.

“त्यात म्हशी धुयाचं पाणी ऱ्हातं, ताई,” कडुबाई म्हणाल्या. “दूध स्टीलच्या कॅनीत. इश्वास नसंल तर म्हशीची साक्ष काढा!”

सगळे हसले. मी हसले नाही. मला संशय होता — आणि खरे सांगू? तो मला आवडतही होता. संशय घेणारा माणूस चारचौघांत हुशार दिसतो.

मी त्यांचे दूध काचेच्या बाटलीत घेतले, तपासले. शिखर आले, चांगले ठळक. दुपारीच कॉलनीच्या ग्रुपवर कळवले. समोरच्या काकांनी लगेच लिहिले, “मास्तरीणबाईंच्या परीक्षेत दूध नापास!” दुसऱ्या सकाळी कडुबाईंसाठी एकही दार उघडले नाही.

इथवरचे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे नाही.

कोरा नमुना म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देत असे. दुधाऐवजी शुद्ध पाणी घ्यावे, बाकी कृती तीच करावी. शिखर दिसता कामा नये. दिसले, तर दोष आपल्याच साहित्यात आहे. हा नमुना आधी तपासायचा असतो. त्या दिवशी मी तो नंतर तपासला — संध्याकाळी, केवळ नोंदवहीतला रकाना रिकामा राहू नये म्हणून. आणि शिखर आले. तेवढेच उंच. दूध नाही, ड्रम नाही — नुसते पाणी! नमुन्यात मिसळायचे द्रावक ओढून घेण्यासाठी आठवड्यापूर्वी मी मऊ प्लास्टिकची एक नळी बसवली होती. थॅलेट तिच्यातून उतरत होते.

मी काय केले असेल? नळी काढून काचेची बसवली. कडुबाईंचे उरलेले दूध पुन्हा तपासले. रेघ सपाट आली. मग कोऱ्या नमुन्याचा आणि या दुधाचा, असे दोन्ही कागद मी फाडून टाकले.

एवढ्यावर थांबले असते, तर मी याला भित्रेपणा म्हटले असते. पण —

पंधरा दिवसांनी कडुबाई दारात आल्या. हातात कॅन नव्हती. या म्हटले तरी आत आल्या नाहीत.

“ताई, बापू लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, ड्रमाला दूध लावलंच नाय म्हणून. तुम्ही शिकलेल्या. मशीन चुकती का वो कधी? का माझा लेकच लबाड?”

दूध पुन्हा सुरू करा, असे त्या म्हणत नव्हत्या. त्यांना फक्त आपल्या मुलावर विश्वास ठेवायचा होता. त्यासाठी माझे एक वाक्य पुरले असते. मला ते सुचले नाही का? सुचले होते. ओठांवर आले होते.

मी म्हणाले, “मशीन खोटं बोलत नाही, कडुबाई.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. जायला वळल्या. “मंग पोरगंच.”

त्याच आठवड्यात त्यांनी बापूला घराबाहेर काढले. म्हशी लासूर स्टेशनकडच्या कोणाला तरी विकल्या. बापू बायको-लेकराला घेऊन बजाजनगरात खोली करून राहतो. मायलेकांचे बोलणे नाही, असे ऐकते.

बापू खोटे बोलला नव्हता. त्याची आई माझ्या दारात उभी होती, तेव्हा मला हे ठाऊक होते. त्या अजून पडेगावातच आहेत, एकट्या. माझ्या घरापासून तिथे पोचायला वीस मिनिटे लागतात. मी गेलेले नाही.