रोज एक फोल्डर

वीज गेली की लोकांना मेणबत्ती आठवते आणि वीज आली की आमचे हे, असं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या काकांची बायको म्हणायची. त्या दुपारीही तेच. काका पहिला घास तोंडात घालतात न घालतात, तोच चष्म्याच्या दुकानातून फोन.

"पानावरून उठू नका हो. कॉम्प्युटर काय पळून जातोय?"

"गिऱ्हाईक पळतं ना," म्हणत काका उठले. सत्तावन्न वर्षांचं वय, कुरकुरणारे गुडघे आणि सकाळपासूनचं हे चौथं दुकान.

दुकानात कॉम्प्युटर सुरू होत होता, पण गिऱ्हाइकांची यादी काही केल्या उघडेना. अकरा वर्षांतले चष्म्यांचे नंबर, फ्रेमा, फोन, सगळं त्या एका फाइलीत. वीज गेल्यावर कॉम्प्युटरला दहा मिनिटं तगवणारी बॅटरी कधीच थकली होती. ती टूं टूं करत जीव खाते म्हणून मालकांनी तिचा आवाजच बंद करून टाकला होता.

"घाबरायचं कारण नाही," मालक म्हणाले. "ताई रोज पेनड्राइव्हवर कॉपी करतात."

काउंटरवरच्या ताईंनी लगबगीने पर्समधून रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला.

काकांनी तो लावला. दोन वर्षांतल्या एकेका तारखेचा एकेक फोल्डर, कपाटात घड्या रचाव्यात तसे ओळीने. एक दिवस चुकलेला नाही. एक उघडला, तर आत नुसतं छोटंसं चित्र, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. दुसऱ्यात तेच. पन्नासाव्यातही तेच. ताई रोज यादीकडे नेणारं बटण तेवढं कॉपी करत होत्या. यादी एकदाही पेनड्राइव्हवर आलीच नव्हती.

काकांनी सांगितलं तसे मालक भडकले. "दोन वर्षं काय खेळ मांडला होता, ताई? उद्यापासून येऊ नका."

ताई घरी एकट्याच कमावणाऱ्या, हे काकांना माहीत होतं. आणखी एक गोष्ट त्यांना आठवली. दोन वर्षांपूर्वी, पुढच्या दुकानात जायची घाई असताना, उभ्या उभ्याच त्यांनी दाखवलं होतं, "हे चित्र धरायचं, इकडे आणून सोडायचं. झालं." ताईंनी वहीत लिहून घेतलं होतं. काकांनी मागे वळून पाहिलंही नव्हतं.

या दुकानाच्या कॉम्प्युटरचं वर्षभराचं काम याच महिन्यात पुन्हा ठरायचं होतं. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं?

"त्यांना ओरडू नका," काका म्हणाले. "त्यांना तसं मीच शिकवलं होतं. चूक माझी आहे."

मालक त्यांच्याकडे वळले. "कमाल आहे तुमची, काका! मग यंदा दुसरा माणूस बघावा लागेल." ताईंकडे न बघताच त्यांनी हाताने काउंटरकडे खूण केली. म्हणजे बसा जागेवर.

काकांनी बिघडलेली फाइल दुरुस्तीला लावली. दोन तास पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. यादी आली, पण शेवटचे चार महिने गेले ते गेलेच. त्या महिन्यांतल्या, नंबर लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तेवढ्या खोक्यात होत्या.

"मी करते टाइप. तुम्ही घरी जा, काका. जेवलाही नाहीत."

"एकटीने केलंत तर आठवडा जाईल. तुम्ही वाचा, मी टाइप करतो."

"उजवा उणे दोन... की सात आहे हो हा?"

"मला विचारता? चष्म्याच्या दुकानात तुम्ही बसता!"

ताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. खोक्यात अजून तीनेकशे चिठ्ठ्या होत्या. काकांनी पाठ खुर्चीला टेकवली आणि पुढच्या नंबरासाठी बोटं तयार ठेवली.